सीतेची वेणी : देवराईतील वृक्षवासी आमरी

श्रीक्षेत्री ज्येष्ठ-आषाढात दर्शनास येणारे भाविक प्रदक्षिणा घालीत असता त्यांची दृष्टी सहज वर जाते, आणि मंदिरामागील जुन्या आंब्याच्या फांदीवरून खाली लोंबणारे गुलाबी-पांढऱ्या फुलांचे तुरे पाहून पुष्कळांची पावले थबकतात. आंब्याचा मोहोर तर केव्हाच सरलेला असतो. मग ही फुले कोणाची? कार्यालयात येऊन भाविक दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, ‘हे बांडगूळ ना? मग झाडावरून काढून का टाकत नाही?’ आणि दुसरा, ‘यातला एखादा गड्डा घरी न्यायला मिळेल का?’ दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे एका शब्दात देता येते. परंतु कारण कळल्यावाचून दिलेला नकार मनास पटत नाही, म्हणून येथे ही माहिती थोड्या विस्ताराने देत आहोत.

या फुलास मराठीत ‘सीतेची वेणी’ म्हणतात. काही भागांत द्रौपदीचे नाव जोडले जाते, व हिंदी भाषक प्रदेशांत ‘द्रौपदीमाला’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. वनवासात असलेल्या स्त्रीने रानातील फुलांची वेणी केसांत माळावी, ही कल्पना दोन्ही नावांमागे आहे. या नावास ग्रंथाधार आहे काय, असे काही अभ्यासू भाविक विचारतात. आमच्या मते हे नाव लोकांनी दिलेले आहे व त्याचा आधार फुलाच्या रूपातच आहे. हातभर लांबीचा, एकास एक लागून गुंफलेल्या फुलांचा, टोकाकडे किंचित निमुळता होत गेलेला तुरा फांदीवरून खाली लोंबतो, तेव्हा त्यास वेणीवाचून दुसरे नाव सुचणे कठीण. एकेक फूल जेमतेम पाऊण इंचाचे. पाकळ्या पांढऱ्या, त्यांवर जांभळट-गुलाबी ठिपके, आणि पुढे आलेली ओठासारखी पाकळी गडद गुलाबी. चांगल्या वाढलेल्या तुऱ्यात अशी शंभराहून अधिक फुले असतात. बहर दोन-तीन आठवडे टिकतो.

वनस्पतिशास्त्रात हिला ‘ऱ्हिंकोस्टायलिस रेट्यूसा’ म्हणतात. स्वीडनचे शास्त्रज्ञ लिनियस यांनी १७५३ मध्ये हिची नोंद ‘एपिडेंड्रम’ या नावाखाली केली होती. एपिडेंड्रम म्हणजे ‘झाडावरचे’. त्या काळी युरोपात माहीत असलेल्या बहुतेक वृक्षवासी आमरी त्यांनी याच एका नावात जमा केल्या. पुढे १८२५ मध्ये ब्लूम यांनी हिचे आजचे नाव रूढ केले. फुलाच्या मध्यभागीचा लहानसा स्तंभ चोचीसारखा दिसतो, यावरून नावाचा पहिला भाग आला. पानाचे टोक निमुळते नसून बोथट व खाच पडलेले असते, त्यावरून दुसरा. पट्ट्यासारखी जाड, पन्हळीप्रमाणे दुमडलेली पाने दोन ओळींत समोरासमोर लागलेली असतात. फुले नसतानाही या खुणेवरून ही वनस्पती ओळखता येते.

आमरी हे ऑर्किड कुळाचे मराठी नाव होय. हे कूळ आपणास वाटते तितके परके नाही. औषधी दुकानात मिळणारी सालममिश्री हे जमिनीत वाढणाऱ्या आमरीचे कंद, व आइस्क्रीमला सुवास देणारा व्हॅनिला ही मूळची मेक्सिकोकडील एका वेलीसारख्या आमरीची शेंग. कासच्या पठारावर श्रावण-भाद्रपदात दिसणाऱ्या आमरी जमिनीत मुळे रोवून वाढतात. सीतेची वेणी मात्र आयुष्यभर जमिनीस स्पर्श करीत नाही.

वंदा आणि बांडगूळ

झाडावर वाढते ते झाडास खाते, हा समज फार जुना आहे. अमरकोशात ‘वंदा’ या शब्दाचे पर्याय म्हणून ‘वृक्षादनी’ व ‘वृक्षरुहा’ हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी दिलेले आहेत. वृक्षादनी म्हणजे वृक्षास खाणारी, वृक्षरुहा म्हणजे वृक्षावर वाढणारी. कोशकाराने दोन्ही एकत्र ठेवली, आणि आपण आजही तीच गल्लत करीत आहोत. (हा ‘वंदा’ शब्द पुढे दूरवर पोहोचला. कलकत्त्यास न्यायाधीश असलेले संस्कृत पंडित विल्यम जोन्स यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस एका आमरीस हेच नाव दिले, आणि आज जगभरातील फुलबाजारांत ‘व्हँडा’ म्हणून जे ऑर्किड विकले जाते त्याचे नाव मूळचे आपलेच आहे.)

खरे बांडगूळ निराळे. आपल्याकडे आंब्यावर हमखास दिसणाऱ्या बांडगुळास नारिंगी-तांबूस, नळीसारखी फुले येतात. त्याची चिकट बी फुलटोच्यासारखे लहान पक्षी फांदीवर पुसून टाकतात. ती रुजली की तिची शोषक मुळे साल भेदून आत शिरतात आणि झाडाने मुळांवाटे वर चढविलेले पाणी व क्षार परस्पर ओढून घेतात. बांडगूळ फार वाढले की त्यापुढील फांदी वाळते. ते वेळीच छाटणे योग्यच आहे, आणि बागायतदार ते करतातही.

सीतेच्या वेणीची मुळे सालीच्या आत जात नाहीत. ती सालीवर पसरतात, खाचांत घट्ट धरून राहतात, आणि पुष्कळशी तर हवेतच लोंबतात. या मुळांकडे भाविकांनी एकदा जवळून पाहावे. ती करंगळीहून थोडी बारीक, कोरडी असताना रुपेरी-पांढरी दिसतात. पावसाचा शिडकावा झाला की काही क्षणांतच हिरवी होतात. त्यांचे बाहेरील आवरण मृत पेशींचे, स्पंजासारखे असते. ते पाणी भराभर शोषून घेते, आणि भिजल्यावर पारदर्शक झालेल्या त्या आवरणातून आतील हिरवा थर दिसू लागतो. म्हणजे पानांप्रमाणे ही मुळेही प्रकाशात थोडे अन्न तयार करू शकतात. सालीवरून ओघळणारे पाणी, त्यात विरघळलेली धूळ, पाखरांची विष्ठा, खाचेत कुजलेला पालापाचोळा एवढ्यावर हिचा चरितार्थ चालतो. झाडाकडून ती घेते ती फक्त जागा. अशा वनस्पतींना शास्त्रात ‘अपिवनस्पती’ असा शब्द आहे.

आठ महिन्यांचा उपवास

जागा मिळाली म्हणजे निर्वाह सुखाचा झाला असे मात्र नव्हे. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पाऊस धो धो पडतो, पण तो चार महिने. त्यानंतरचे सात-आठ महिने आकाशातून थेंब पडेलच याचा भरवसा नाही. जमिनीतल्या झाडास खोल ओल गाठता येते. फांदीवरल्या आमरीस ती सोय नाही. साल तर उन्हाने तापून पावसानंतर दोन दिवसांत कोरडी होते. खालच्या माणसास जे हिरवेगार अरण्य दिसते, ते फांदीवर बसलेल्या या वनस्पतीच्या दृष्टीने वर्षातील बराच काळ वाळवंटच असते.

म्हणून हिची सारी घडण वाळवंटातील वनस्पतींच्या जवळ जाणारी आहे. पाने जाड व मेणचट, पाणी धरून ठेवणारी. अशा जाड पानांच्या अनेक वृक्षवासी आमरी दिवसा आपली पर्णरंध्रे मिटून घेतात व रात्री गारव्यात उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डाय-ऑक्साइड आम्लाच्या रूपाने साठवून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी सूर्यप्रकाशात, रंध्रे बंद ठेवूनच, त्यापासून अन्न करतात. निवडुंगाची रीत हीच. हिवाळ्यातील दव आणि पहाटेचे धुके यांवर मुळे कशीबशी ओली होतात. एवढा काळ निभावून मृगाच्या सुमारास, क्वचित त्याही आधी, ही वेणी फुलते.

यावरून एक गोष्ट ध्यानी यावी. आमरी कोणत्याही झाडावर जगत नाही. साल खडबडीत हवी, म्हणजे पाणी क्षणभर थांबते व मुळांना पकड मिळते. साल वरचेवर सोलून पडणारी नसावी, अन्यथा सालीबरोबर आमरीही खाली येईल. सावली हवी, पण दाट काळोख नको. आंबा, फणस, ऐन, जांभूळ अशा झाडांवर ही अधिक दिसते. ऐनाचा तर उन्हाळ्यात पाला झडतो, त्यामुळे फुलण्याच्या आधीच्या काळात तिला भरपूर प्रकाश मिळतो. आणि झाड वयाने मोठे हवे. दहा-पंधरा वर्षांच्या झाडाच्या सालीवर खाचा, शेवाळ, कुजका पाला हे काही जमलेलेच नसते. जुने झाड एकटे उभे असले तरी पुरेसे होत नाही. भोवतीची झाडी तुटली की वारा मोकळा वाहू लागतो, ओल टिकत नाही, आणि आहेत त्या आमरी हळूहळू सुकत जातात.

अशी जुनी, एकमेकांस धरून उभी असलेली झाडे आपल्या प्रांतात आज कोठे उरली आहेत? मुख्यत्वे अभयारण्यांत, काही दुर्गम घळींत, आणि देवराईत. कोकण-गोव्यात जिला देवरहाटी, राई असेही म्हणतात ती देवाच्या नावाने राखलेली झाडी. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा पायी फिरून अभ्यास केला. आजूबाजूचे जंगल गेले तरी कित्येक झाडे व वेली केवळ देवाच्या धाकाने या लहानशा तुकड्यांत टिकून राहिल्याचे त्यांनी दाखवून दिले. सीतेची वेणी दुर्मिळांतील दुर्मिळ आहे असे नव्हे. श्रीलंका, नेपाळ, म्यानमारपासून फिलिपिन्सपर्यंत ती पसरलेली आहे. परंतु एखाद्या गावाच्या राईतून ती गेली की त्या गावापुरती ती कायमची जाण्याचा संभव अधिक. याचे कारण तिच्या बीमध्ये आहे.

धुळीएवढी बी

हिच्या एका बोंडात हजारोंनी बिया असतात, पण त्या इतक्या बारीक की हातावर घेतल्यास पीठ वाटावे. ज्वारीच्या किंवा हरभऱ्याच्या दाण्यात रोपाच्या पहिल्या दिवसांची शिदोरी भरलेली असते. आमरीच्या बीमध्ये ती नसते. वाऱ्याने उडत जाऊन बी योग्य सालीवर पडली तरी तेथे विशिष्ट सूक्ष्म बुरशी असल्यावाचून ती अंकुरत नाही. बुरशीचे तंतू बीमध्ये शिरतात आणि तिला पहिले अन्न पुरवितात. बुरशी म्हटली की आपणास खराब झालेली भाकरी आठवते. येथे तीच बुरशी दाईचे काम करते. फ्रान्सचे नोएल बर्नार यांच्या हे १८९९ मध्ये लक्षात आले. तोपर्यंत युरोपातील बागवानांना एवढ्या असंख्य बियांतून रोपे का येत नाहीत, हे कोडे पडले होते. पुढे १९२२ मध्ये अमेरिकेतील लुईस नडसन यांनी काचेच्या नळीत साखर व क्षारांच्या खळीवर बुरशीविना बी रुजवून दाखविली. आज पुष्पगुच्छांत दिसणारी जांभळी ऑर्किडे ज्या रोपवाटिकांतून येतात, त्यांचा धंदा या शोधावर उभा आहे.

रानात मात्र काचेची नळी नाही. हजारो बियांतून एखादी रुजते आणि पहिली वेणी फुलण्यास पुढे अनेक वर्षे जातात. फांदीवर दहा-बारा तुरे लोंबविणारा मोठा गड्डा दिसतो, तो बहुधा त्याकडे पाहणाऱ्या तरुण भाविकाहून वयाने मोठा असतो.

आमच्या हातून झालेली चूक

हे सर्व ज्ञान आम्हांस आधीपासून होते असा दावा नाही. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एका सद्गृहस्थांनी प्रांगणाच्या सुशोभीकरणासाठी मोठ्या मनाने देणगी दिली. फरशी झाली, दिवे आले, आणि त्याच ओघात मंदिराच्या डाव्या अंगाच्या जुन्या आंब्याची ‘साफसफाई’ करण्याचे ठरले. कामगारांनी विचारले, वरची बांडगुळे काढायची ना? त्या वेळी कामावर देखरेख करणाऱ्यांनी, म्हणजे आम्हीच, होय म्हटले. दोन दिवसांत बांडगुळे निघाली आणि त्यांच्याबरोबर सीतेच्या वेणीचे सर्व गड्डेही निघाले. त्यांचा ढीग मागील बाजूस पडून होता. गावातील एका वृद्ध गुरव आजींनी तो पाहिला आणि विचारले, ‘देवाच्या अंगावरचं लेणं कुणी रं उतरवलं?’ तोवर मुळे वाळून गेली होती. त्यातील तीन-चार गड्डे पुन्हा झाडास बांधले. एक जगला. खोड स्वच्छ दिसावे म्हणून त्याला चुना व गेरूही फासला होता, त्याचा परिणाम किती झाला ते सांगता येत नाही. त्या आंब्यावर आज फुलणारी वेणी ती तेवढी एकच. मंदिरामागील आंब्यास त्या वर्षी निधी पुरला नाही म्हणून हात लागला नाही, आणि भाविक ज्या तुऱ्यांखाली थबकतात ते त्याच आंब्यावरचे.

देणगीदारांस याविषयी स्पष्ट लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते. देवरायांवर आज आलेले संकट केवळ कुऱ्हाडीचे नाही. जीर्णोद्धाराच्या निमित्ताने कित्येक गावांत सभामंडप मोठा व्हावा, वाहने थेट दारापर्यंत यावीत म्हणून राईतील जुनी झाडे गेली आहेत. हे सर्व भक्तीनेच झाले, म्हणून त्यास कोणी आडकाठी केली नाही. झाडाच्या बुंध्याभोवती सिमेंटचा पार बांधणे, खोडास खिळे ठोकून दिव्यांच्या माळा लावणे, झाडाखाली पाला पेटविणे यांनी झाड लगेच मरत नाही. पण त्याची साल, मुळे व सालीवरची वस्ती यांस इजा पोहोचते. विश्वस्त मंडळ आता राईच्या हद्दीतील बांधकामासाठी देणगी स्वीकारीत नाही. राईस कुंपण, पाणवठ्याची दुरुस्ती, वणवा रोखण्यासाठी जाळरेषा काढणे या कामांसाठी मात्र देणगी कृतज्ञतापूर्वक स्वीकारली जाते. या कामांची पाटी भिंतीवर लागत नाही, ही अडचण आम्हांस ठाऊक आहे.

आसामातील वेणी

केसांत माळण्यासाठी ही फुले तोडणे पापच काय, असेही विचारले जाते. यासाठी आसामकडे पाहावे. तेथे हिला ‘कपौ फूल’ म्हणतात आणि ते त्या राज्याचे राज्यपुष्प आहे. अरुणाचल प्रदेशानेही हेच राज्यपुष्प मानले आहे. आसामात ही आमरी आपल्याकडल्यापेक्षा आधी, चैत्र-वैशाखात, रोंगाली बिहूच्या सुमारास फुलते, आणि बिहू नृत्य करणाऱ्या मुली ती अंबाड्यावर वळसा देऊन माळतात. शेकडो वर्षांच्या या रीतीने फूल नष्ट झाले नाही, कारण तुरा घेतला तरी झाडावरचा गड्डा तसाच राहतो व पुढील वर्षी पुन्हा फुलतो. अलीकडे तेथे जंगल घटले, मागणी वाढली, आणि पुष्कळ नर्तकी कापडी वा प्लॅस्टिकची वेणी माळू लागल्या आहेत. त्याबद्दल कोणी हळहळते, आम्हांस ते शहाणपणाचे वाटते.

आपल्याकडे होते ते याहून वाईट. पावसाळी सहलींच्या दिवसांत काही घाटरस्त्यांवर मुळासकट ओरबाडलेल्या आमरी विकावयास ठेवलेल्या दिसतात. विकणारा गरीब असतो, घेणाऱ्यास फूल आवडलेले असते, दोघांपैकी कोणाचाही हेतू दुष्ट नसतो. घरी आणून ती कुंडीत मातीत लावली जाते. मातीत या मुळांना हवा मिळत नाही व ती महिनाभरात कुजतात. शहरातील गच्चीवर बांधली तर वाऱ्याने व उन्हाने सुकते. यांपैकी फारच थोड्या जगतात. ज्यांना घरी ऑर्किड हवेच असेल त्यांनी रोपवाटिकेत वाढविलेले घ्यावे.

कायद्याची बाजूही माहीत असावी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये अभयारण्यातून व राष्ट्रीय उद्यानातून परवानगीवाचून कोणतीही वनस्पती काढून नेता येत नाही. शिवाय संपूर्ण आमरी कूळ ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत समाविष्ट असून परदेशी व्यापारावर निर्बंध आहेत. परदेशस्थ भाविकांनी रानातील आमरी सामानातून नेण्याचा प्रयत्न करू नये.

खाली पडलेली आमरी दिसल्यास

वादळी पावसात फांदी मोडून आमरीचा गड्डा खाली पडणे ही नेहमीची गोष्ट आहे. प्रांगणात किंवा राईत असा गड्डा आढळल्यास तो उचलून नेऊ नये व पायवाटेच्या कडेस मातीत पुरूही नये. कार्यालयात किंवा पुजाऱ्यांस कळवावे. आमचे सेवेकरी तो त्याच जातीच्या जवळच्या झाडावर, पूर्वी होता साधारण त्याच उंचीवर, काथ्याच्या सुंभाने बांधतात. मुळे सालीस टेकतील अशी ठेवावी लागतात. गाठ घट्ट असावी पण बुंधा आवळला जाऊ नये. तारेचा वापर मुळीच करू नये. पावसाळ्याच्या आरंभी बांधलेला गड्डा आश्विनापर्यंत नवी मुळे धरतो. मग सुंभ कुजून आपोआप गळून पडते. दिवाळीनंतर पडलेला गड्डा जगविणे अवघड, त्यास पुढील पावसापर्यंत सकाळी पाण्याचा फवारा द्यावा लागतो.

वेणी पाहण्यास मृग नक्षत्राच्या सुमारास यावे. पाऊस लवकर वा उशिरा लागल्यास बहर आठ-दहा दिवस मागेपुढे होतो, म्हणून येण्यापूर्वी कार्यालयात चौकशी करावी. मंदिरामागील आंब्यावरील तुरे प्रदक्षिणा मार्गावरूनच दिसतात. राईतील ऐनावरचे पाहावयाचे असल्यास सोबत सेवेकरी दिला जातो. राईत पादत्राणे घालून जात नाहीत, तेव्हा पावसात जळवांची तयारी ठेवावी.